जुन्या हायड्रो यंत्राला व्हीएफडी बसवताना: टोपलीच्या तपासणीपासून झाकणाच्या कुलपापर्यंत

लाँड्रीच्या धंद्यात सगळे ज्याला नुसते ‘हायड्रो’ म्हणतात, ते ओल्या कपड्यांतील पाणी काढणारे यंत्र लहान धुलाई केंद्रांत, रुग्णालयांत, वसतिगृहांत आणि हॉटेलांच्या तळघरांत आजही वर्षानुवर्षे चालते आहे. तीन खांबांवर स्प्रिंग आणि रबराच्या आधाराने तोललेले ओतीव लोखंडी अंग, आत छिद्रांची टोपली, बाजूला तीन-फेज मोटर, मोटरच्या दांड्यावर केंद्रोत्सारी क्लच (मोटरने वेग घेतल्यावरच पकड घेणारा), पायाने दाबायचा ब्रेक आणि वर झाकण, एवढ्यात हे यंत्र संपते. बांधणी साधी असल्यामुळे ते टिकते, आणि टिकते म्हणूनच त्याला नवी वेगनियंत्रक ड्राइव्ह, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग ठरवणारी व्हीएफडी, बसवण्याचा विचार अनेक जण करतात. हा विचार योग्य आहे. पण तो कोणत्या क्रमाने अमलात आणायचा हे नीट कळले नाही, तर आधी होते त्याहून धोकादायक यंत्र तयार होते. म्हणून या लेखात ड्राइव्हच्या आधीच्या आणि भोवतीच्या कामांना ड्राइव्हपेक्षा जास्त जागा दिली आहे.

हिशेब डोळ्यांसमोर राहावा म्हणून एक ठरावीक यंत्र धरू: टोपलीचा व्यास ६० सेंटिमीटर, एका वेळी १५ किलो कोरड्या वजनाचे कपडे, मोटर ३ अश्वशक्तीची म्हणजे २.२ किलोवॅट, ५० हर्ट्झला १४४० फेरे प्रतिमिनिट, मोटरची पुली १२५ मिलिमीटर आणि टोपलीची १८० मिलिमीटर. यातून टोपलीला १००० फेरे मिळतात आणि पुढे सोयीचे पडेल असे एक प्रमाणही मिळते: ड्राइव्हवरचा १ हर्ट्झ म्हणजे टोपलीचे सुमारे २० फेरे. आपले यंत्र वेगळे असेल, तर आकडे आपले घालावेत. रीत तीच राहते.

हा खटाटोप नेमका कशासाठी

१००० फेऱ्यांना या टोपलीच्या कडेशी असलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३३५ पट ओढ पडते. टोपली आणि ओले कपडे मिळून फिरणाऱ्या वस्तुमानाचा जडत्व-आघूर्ण साधारण ५ किलोग्रॅम-वर्गमीटर धरला, तर पूर्ण वेगाला त्यात सुमारे २७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. या एका आकड्यावर पुढचा सगळा हिशेब उभा आहे.

मोटर थेट लाइनवर सुरू केली, तर टोपलीला वेग देताना जेवढी ऊर्जा टोपलीत जाते, जवळजवळ तेवढीच उष्णता मोटरच्या रोटरमध्ये निर्माण होते, आणि तीही मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढत असताना. जुन्या कारागिरांनी मध्ये केंद्रोत्सारी क्लच घातला तो याचसाठी. क्लचमुळे मोटर आधी मोकळी फिरून वेग पकडते आणि उष्णता रोटरऐवजी क्लचच्या लाइनरमध्ये जळते. म्हणूनच लाइनर दर काही महिन्यांनी बदलावे लागतात आणि गर्दीच्या दिवसांत हायड्रोजवळ जळक्या लाइनरचा वास येतो. व्हीएफडी मोटरला शून्यापासून हळूहळू वर नेते, घसरण फार कमी राहते, त्यामुळे ही उष्णता मुळात तयारच होत नाही.

विजेच्या बिलाबद्दल मात्र स्पष्ट सांगायला हवे. २७ किलोज्यूल म्हणजे एका युनिटच्या हजार भागांपैकी साडेसात भाग. सुरुवातीचा सगळा अपव्यय वाचला असे धरले आणि दिवसाला ४० घाण्या (एका वेळी भरलेल्या कपड्यांच्या खेपा) काढल्या, तरी बचत अर्ध्या युनिटच्याही खालीच राहते. निव्वळ वीजबचतीच्या आशेने कोणी हे काम करू नये. खरा लाभ तीन ठिकाणी आहे: कपडे टोपलीच्या कडेला समान बसेपर्यंत यंत्र हळू फिरवता येते, थांबवताना ब्रेकचा पट्टा न झिजवता ठरावीक वेळात थांबवता येते, आणि तीन-फेज जोडणी नसलेल्या दुकानातही तीन-फेज मोटर चालवता येते.

पहिले काम टोपलीचे

वायरला हात लावण्याआधी टोपली बाहेर काढून उजेडात धुऊन पाहावी. चिरा पडण्याच्या जागा ठरलेल्या असतात: तळाच्या तबकडीचे आणि मधल्या हबचे वेल्डिंग, वरच्या कडेची रिंग आणि छिद्रांच्या ओळींमधली अरुंद पट्टी. ब्लीचिंग पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइट वापरणाऱ्या लाँड्रीत क्लोराइडमुळे ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांतून चीर वाढते. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. डाय पेनिट्रंटचा लाल द्रव फवारून, थोड्या वेळाने पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला की चिरेची लाल रेघ उमटते. हा तीन डब्यांचा संच वेल्डिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानात मिळतो. चीर सापडली, तर वरून वेल्डिंग मारून काम पुढे रेटू नये. फिरत्या टोपलीच्या दुरुस्तीनंतर तिची पुन्हा तपासणी आणि संतुलन करावे लागते. ते शक्य नसेल, तर नवी टोपली घ्यावी, नाहीतर यंत्राला निरोप द्यावा.

याच बैठकीत दांड्याचे बेअरिंग, अंगाला तोलणाऱ्या स्प्रिंगा आणि रबरे, पायाचे बोल्ट आणि ब्रेकचा लाइनर पाहून घ्यावा. तीन रबरांपैकी एकच बसलेले असेल, तर अंग एका बाजूला कलते आणि मग कितीही काळजीने कपडे भरले तरी यंत्र थरथरते. रबरे तिन्ही एकदम बदलावीत.

टोपली परत बसवून, जुन्या स्टार्टरवरच यंत्र रिकामे चालवून, टॅकोमीटरने (फेरे मोजणाऱ्या उपकरणाने) टोपलीचा प्रत्यक्ष वेग मोजून लिहून ठेवावा. यंत्रावरची पाटी शाबूत असेल, तर तिच्यावरचा कमाल वेगही लिहावा. पाटी नसेल, तर मोजलेला वेग हाच यापुढचा कमाल वेग मानावा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३० मध्ये यंत्रशक्तीने फिरणाऱ्या टोपल्या, पिंजरे आणि पुल्या यांचा सुरक्षित परिघीय वेग ओलांडला जाणार नाही अशी परिणामकारक व्यवस्था करण्याची अट घातली होती, ती उगीच नाही. टोपलीवरचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो. १००० चे १२०० फेरे केले, तर ताण ४४ टक्क्यांनी चढतो. आजवर मोटरचे पोल आणि पुल्यांचे व्यास ही मर्यादा आपोआप सांभाळत होते. ड्राइव्हवर एक बटण दाबून फ्रिक्वेन्सी ५० च्या पुढे नेता येते, म्हणजे ही नैसर्गिक मर्यादा आपण स्वतःच्या हाताने काढून टाकत आहोत, याचे भान सुरुवातीलाच असावे.

क्लच काढायचा, ब्रेक ठेवायचा

अनेक जण क्लच तसाच ठेवून ड्राइव्ह जोडतात आणि मग यंत्र हळू फिरतच नाही अशी तक्रार करतात. कारण सरळ आहे. केंद्रोत्सारी क्लचचे बूट मोटरने बराच वेग घेतल्यावरच बाहेर फेकले जाऊन ड्रमला पकडतात. ४ किंवा ५ हर्ट्झला मोटर फिरते, क्लच मोकळा राहतो आणि टोपली जागची हलत नाही. उलट थांबवताना मोटरचा वेग खाली आला की क्लच सुटतो, टोपली मोकळी फिरत राहते आणि ड्राइव्हचे ब्रेकिंग तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून क्लच पूर्ण काढून मोटरच्या दांड्यावर त्याच व्यासाची, चावीने पक्की बसणारी पुली घालावी. क्लचच्या ड्रमवरच पट्ट्याचे गाळे असतील, तर ड्रमचा बाहेरचा नव्हे, गाळ्यांचा पिच व्यास मोजून नवी पुली करून घ्यावी, नाहीतर वेगाचे प्रमाण बदलेल. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का, हे सरळ पट्टी लावून पाहावे आणि पट्टे एकाच संचातले नवे घालावेत.

पायाचा ब्रेक मात्र काढू नये. वीज गेली, ड्राइव्ह ट्रिप झाली, म्हणजे दोष जाणवून आपोआप बंद पडली, किंवा पट्टा तुटला, तर टोपली थांबवण्याचे ते एकमेव साधन उरते. ब्रेकच्या पायाने दाबायच्या पट्टीखाली एक लिमिट स्विच बसवून तो ड्राइव्हच्या थांबण्याच्या आदेशाशी जोडावा, म्हणजे ब्रेक दाबलेला असताना मोटर जोर लावत राहणार नाही.

जुनी मोटर चालेल का

मोटरच्या सगळ्या वायरी सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातील इन्सुलेशन मोजावे. ते १ मेगाओहमच्या जवळ असेल, तर मोटर आधी वाळवून, वार्निश करून घ्यावी. दहा मेगाओहमच्या वर असल्यास कामाला लागायला हरकत नाही. ड्राइव्ह जोडल्यानंतर मेगर कधीही लावू नये, ड्राइव्हचे आउटपुट त्यात जळते.

व्हीएफडीचे आउटपुट शुद्ध साइन तरंग नसून फार वेगाने चढणाऱ्या व्होल्टेजच्या तुकड्यांचे असते. केबल लांब असली, तर मोटरच्या टोकाशी हे तुकडे मूळ व्होल्टेजच्या दुपटीपर्यंत उसळतात आणि वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर त्याचा मार बसतो. जुन्या किंवा स्थानिक दुकानात पुन्हा भरलेल्या वाइंडिंगसाठी केबल १० मीटरच्या आत ठेवावी आणि कॅरिअर फ्रिक्वेन्सी, म्हणजे हे तुकडे पाडण्याची गती, ४ किलोहर्ट्झच्या आसपास ठेवावी. मोटर थोडी किणकिणते, ती किणकिण सोसावी. तीनदा रिवाइंड झालेली मोटर असेल, तर माझा कल नवी, ड्राइव्हवर चालण्यास योग्य असलेली मोटर घेण्याकडे आहे, कारण जुनी मोटर वाचवण्याच्या नादात ड्राइव्ह गमावण्याची शक्यता असते.

सिंगल-फेज की तीन-फेज

दुकानात तीन-फेज जोडणी असेल, तर ४१५ व्होल्टची ड्राइव्ह घ्यावी आणि मोटर आहे त्या स्टार जोडणीतच ठेवावी (स्टार आणि डेल्टा या मोटरची तीन वाइंडिंगे एकमेकांना जोडण्याच्या दोन रीती). सिंगल-फेजच असेल, तर २३० व्होल्ट घेऊन तीन-फेज २३० व्होल्ट देणारी ड्राइव्ह २.२ किलोवॅटपर्यंत सहज मिळते. पण तिच्यातून ४१५ व्होल्ट निघत नाहीत. आपल्याकडे ३ अश्वशक्तीपर्यंतच्या मोटरी बहुधा ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात, म्हणून टर्मिनल बॉक्समधल्या पट्ट्या बदलून मोटर डेल्टात जोडली की तिला सुमारे २४० व्होल्ट पुरतात. अशा वेळी मोटरचा करंट १.७३ पट होतो: पाटीवर ४.८ ॲम्पिअर असेल, तर डेल्टात तो ८.३ होईल, आणि ड्राइव्हमध्ये हाच आकडा भरायचा आहे. ५ अश्वशक्तीच्या आणि त्यापुढच्या मोटरी मात्र ४१५ व्होल्टलाच डेल्टात असतात. त्यांना सिंगल-फेज ड्राइव्ह लावली, तर सुमारे २८ हर्ट्झच्या पुढे त्यांचा जोर ओसरत जातो. हा उपाय त्यांच्यासाठी नाही.

ड्राइव्ह अश्वशक्ती पाहून घेऊ नये, आउटपुट करंट पाहून घ्यावी, आणि जास्त जडत्वाच्या भारासाठी दिलेला ‘हेवी ड्यूटी’चा आकडा वाचावा. ब्रेकिंग ट्रान्झिस्टर आत बसवलेला आहे का, मोटर-ऑटोट्यून (ड्राइव्हने मोटरची मापे स्वतः मोजून घेणे) आणि सेन्सरशिवाय वेक्टर नियंत्रण (कमी वेगालाही मोटरचा जोर सांभाळणारी पद्धत) आहे का, आणि जमत असेल तर मोटरचा जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने तोडणारे सुरक्षित इनपुट आहे का, एवढे प्रश्न दुकानदाराला विचारावेत. सिंगल-फेजवर २.२ किलोवॅटची ड्राइव्ह पूर्ण भाराला २४ ॲम्पिअरच्या आसपास ओढते, तेव्हा मंजूर भार आणि वायरची जाडी आधी तपासावी.

थांबवण्याची ऊर्जा कुठे घालवायची

टोपलीतली २७ किलोज्यूल ऊर्जा थांबताना कुठेतरी जायलाच हवी. ड्राइव्हने वेग उतरवला की मोटर जनित्रासारखी वागते, ऊर्जा ड्राइव्हच्या डीसी बसमध्ये, म्हणजे आतल्या डीसी साठ्यात, परत येते, तिथला व्होल्टेज चढतो आणि ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होते. ट्रिप झाली की मोटर मोकळी सुटते, म्हणजे नेमक्या थांबवण्याच्या क्षणी टोपली स्वतःच्या मर्जीने फिरू लागते. हे टाळण्यासाठी बाहेर ब्रेकिंग रेझिस्टर लागतो.

त्याचा हिशेब अवघड नाही. १००० फेऱ्यांवरून ३० सेकंदांत थांबायचे, तर सुरुवातीच्या क्षणी सुमारे १.८ किलोवॅट शक्ती परत येते. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये ब्रेकिंग साधारण ७०० व्होल्ट डीसीला चालू होते असे धरले, तर ७०० चा वर्ग भागिले १८३० म्हणजे सुमारे २६८ ओहम. रेझिस्टर याहून कमी ओहमचा हवा आणि ड्राइव्हच्या पुस्तिकेत दिलेल्या किमान ओहमपेक्षा जास्त हवा. १०० ते १५० ओहमचा घेतला की दोन्ही अटी सहसा पाळल्या जातात. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये हीच हद्द साधारण ३८० व्होल्टला येते आणि उत्तर सुमारे ७९ ओहमच्या खाली जाते. दर दहा मिनिटांना एक घाणी धरली, तर सरासरी उष्णता ४६ वॅटच भरते, तरी ती ३० सेकंदांत एकवटून येते म्हणून ४०० ते ५०० वॅटचा ॲल्युमिनिअमच्या कवचातला रेझिस्टर घ्यावा आणि त्याला तापमापक स्विच जोडावा. हा रेझिस्टर पॅनलच्या बाहेर, जाळीच्या पेटीत आणि कापसाचे तंतू साचणार नाहीत अशा जागी बसवावा. लाँड्रीतले कोरडे तंतू आणि तापलेला रेझिस्टर ही आग लागण्याची खात्रीची जोडी आहे.

झाकणाचे कुलूप

संपूर्ण कामात सर्वांत जास्त विचार इथे खर्च करावा. हायड्रोवरचे गंभीर अपघात बहुधा एकाच प्रकारे होतात: मोटर बंद झालेली असते, टोपली फिरत असते, घाईत झाकण उघडून हात आत जातो आणि ओल्या कपड्याचा पीळ मनगटाला वेढतो. जुन्या यंत्रात झाकणाला असलेला स्विच फक्त मोटर तोडतो. टोपली त्यानंतरही कितीतरी वेळ फिरते. म्हणून टोपली थांबेपर्यंत झाकण उघडताच येऊ नये, अशी रचना हवी.

यासाठी ड्राइव्हमधला ‘शून्य वेग’ रिले वापरण्याचा मोह होतो आणि तोच सर्वांत मोठा फसवा मार्ग आहे. तो रिले ड्राइव्ह किती फ्रिक्वेन्सी देते आहे एवढेच सांगतो, टोपली काय करते आहे ते सांगत नाही. ड्राइव्ह ८०० फेऱ्यांना ट्रिप झाली, तर आउटपुट त्याच क्षणी शून्य होते, रिले ‘थांबले’ असे सांगतो, आणि टोपली मात्र ८०० फेऱ्यांनीच फिरत असते. वेग टोपलीच्या दांड्यावरच मोजला पाहिजे. टोपलीच्या पुलीवर समान अंतरावर चार बोल्टांची डोकी ठेवून त्यांच्यासमोर प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवावेत. १० सेकंदांत एकही स्पंद आला नाही, म्हणजे वेग दीड फेऱ्याच्या खाली गेला असे समजून कुलूप सोडता येते.

इथे आणखी एक खाच आहे. सेन्सरची वायर तुटली तरीही स्पंद येत नाहीत, आणि साधा टायमर त्यालाच ‘थांबले’ समजतो. म्हणून सेन्सर दोन घ्यावेत आणि ते सुरक्षा वर्गातल्या स्थिरता-निरीक्षक रिलेला जोडावेत, जो दोघांची एकमेकांशी पडताळणी करतो. शिवाय ड्राइव्ह १० हर्ट्झच्या वर असताना स्पंद आले नाहीत, तर यंत्र आपोआप थांबावे. हा रिले स्वस्त नाही. पण त्याची किंमत वाचवून बाकीचे काम करण्यापेक्षा काम न केलेले बरे.

कुलूप कोणत्या प्रकारचे घ्यावे, यातही निवड करायची आहे. वीज दिल्यावर बंद होणारे कुलूप घेतले, तर वीज गेल्याबरोबर झाकण मोकळे होते आणि टोपली पूर्ण वेगात असते. आपल्याकडे वीज न सांगता जाते, तेव्हा स्प्रिंगने बंद राहणारे आणि वीज दिल्यावरच उघडणारे कुलूप घ्यावे. अडकलेले झाकण उघडण्यासाठी किल्लीची व्यवस्था असते. ती किल्ली यंत्राजवळच्या खिळ्याला टांगू नये, जबाबदार माणसाकडे ठेवावी.

पॅनल आणि वायरिंग

पॅनल यंत्राच्या अंगावर कधीही बसवू नये, थरथरीने जोडण्या ढिल्या होतात. भिंतीवर, छातीच्या उंचीला, वाफेच्या वाटेपासून दूर, किमान आयपी ५४ दर्जाचा (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे अडवणारा) लोखंडी पॅनल घ्यावा. २.२ किलोवॅटची ड्राइव्ह ६० ते ७० वॅट उष्णता टाकते. जाळीचा पंखा लावला, तर त्याची गाळणी तंतूंनी बुजते, म्हणून पुरेसा मोठा बंद पॅनल मी अधिक पसंत करतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात रात्री यंत्र बंद असताना पॅनलमध्ये दव धरते, त्यासाठी आत लहान हीटर ठेवावा.

जुन्या जोडणीत मोटरच्या टोकांवर पॉवर फॅक्टर सुधारण्याचा कपॅसिटर असतो. तो काढलाच पाहिजे. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर जोडला की ड्राइव्ह पहिल्याच सुरुवातीला जळू शकते. जुना स्टार्टर किंवा काँटॅक्टरही ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधून बाहेर काढावा. मोटरची केबल चार कोअरची आणि जाळीच्या आवरणाची घ्यावी, आवरण दोन्ही टोकांना अर्थ करावे, आणि नियंत्रणाच्या वायरी तिच्यापासून वीतभर दूर न्याव्यात. तीन-फेज यंत्राच्या अंगाला दोन स्वतंत्र अर्थिंग द्यावीत. यंत्राचे अंग स्प्रिंगांवर हलते, म्हणून अर्थिंगची तिथली तार लवचीक हवी. कडक पट्टी काही महिन्यांत तुटते. साधा ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी (गळती झाल्यास वीज तोडणारा स्विच) ड्राइव्हच्या गळती-करंटला योग्य प्रतिसाद देत नाही. सिंगल-फेज ड्राइव्हला ‘एफ’ आणि तीन-फेज ड्राइव्हला ‘बी’ प्रकार लागतो. हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे, आणि बंद केलेली ड्राइव्ह उघडण्याआधी दहा मिनिटे थांबून डीसी बसवर मीटर लावून व्होल्टेज उतरल्याची खात्री त्यानेही करावी.

आणीबाणीचे लाल बटण दाबताच ड्राइव्हचा पुरवठा तोडला, तर ब्रेकिंगही जाते आणि टोपली मोकळी फिरते. म्हणून बटणाने आधी वेगाने थांबण्याचा आदेश द्यावा आणि थांबण्याचा ठरलेला वेळ संपल्यावर, उशिरा सुटणाऱ्या सुरक्षा रिलेने, मोटरची शक्ती तोडावी.

ड्राइव्हमध्ये काय भरायचे

मोटरच्या पाटीवरचे आकडे भरून, पट्टे उतरवून ऑटोट्यून करावे. कमाल फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवून पासवर्डने कुलूपबंद करावी. वेग बदलणारे गोल बटण दारावर ठेवू नये. कामगाराला सुरू आणि थांबा एवढीच दोन बटणे पुरेत.

वेग चढवण्याचे तीन टप्पे करावेत. पहिल्या टप्प्यात ४ हर्ट्झला, म्हणजे सुमारे ८० फेऱ्यांना, अर्धा मिनिट फिरवावे. या आकाराच्या टोपलीत साधारण ५५ फेऱ्यांना कडेची ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी होते, त्यामुळे ८० ला कपडे कडेला सरकून बसतात आणि सुटे पाणी निथळून जाते. दुसरा टप्पा ८० ते ३०० फेऱ्यांचा. स्प्रिंगांवर तोललेल्या अंगाचा अनुनाद सहसा याच पट्ट्यात कुठेतरी असतो. तिथे रेंगाळले तर यंत्र नाचते, म्हणून हा पट्टा ६ ते ८ सेकंदांत पार करावा. मोटरला त्यासाठी तिचा जवळजवळ पूर्ण जोर लागतो, पण तेवढा वेळ ती तो सहज देते. तिसऱ्या टप्प्यात ३०० पासून १००० पर्यंत ४५ ते ६० सेकंद घ्यावेत. इथे घाई केली, तर पाणी निचऱ्याच्या नळीतून जाण्याआधीच बाहेरच्या अंगात साचते आणि टोपलीला घासते.

थांबण्याचा वेळ ३० ते ४० सेकंद ठेवावा आणि रेझिस्टर जोडलेला असताना ओव्हरव्होल्टेज टाळण्यासाठी थांबणे आपोआप लांबवणारी सोय बंद करावी, नाहीतर ती रेझिस्टरला काम करू देत नाही. वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होण्याची सोय बंदच हवी. फिरत्या टोपलीवर पुन्हा सुरू करताना तिचा वेग ओळखून पकडण्याची सोय मात्र चालू ठेवावी. अंगाच्या थरथरीवर तुटणारा स्विच बसवून तो बाह्य दोषाच्या इनपुटला, नेहमी जोडलेल्या संपर्काने द्यावा: फक्त १ किलोचा असमतोल २५ सेंटिमीटर त्रिज्येवर असला, तरी १००० फेऱ्यांना तो बेअरिंगवर सुमारे २८० किलोचा फिरता झटका देतो.

चाचणी

पहिल्यांदा पट्टे न घालता मोटर फिरवून दिशा पाहावी. मग पट्टे घालून, झाकण बंद करून, रिकामी टोपली १०, २०, ३५ आणि ५० हर्ट्झला पाच-पाच मिनिटे चालवावी आणि प्रत्येक टप्प्यावर टॅकोमीटरचा वेग आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी ताडावा. त्यानंतर अर्ध्या घाणीचे ओले टॉवेल भरून तीन टप्पे नीट पार होतात का ते पाहावे. कोणत्या वेगाला अंग जास्त हलते ते टिपून दुसऱ्या टप्प्याची हद्द त्यानुसार वरखाली करावी. पूर्ण घाणी शेवटी.

मग मुद्दाम बिघाड करून पाहायचे. पूर्ण वेगात मुख्य स्विच पाडावा: झाकण बंदच राहिले पाहिजे आणि पायाच्या ब्रेकने टोपली थांबली पाहिजे. पुरवठा परत दिल्यावर यंत्र स्वतःहून हलता कामा नये. एका सेन्सरची वायर काढावी: यंत्र सुरूच होता कामा नये. रेझिस्टरची वायर, सर्व बंद करून आणि डीसी बस उतरल्यावर, सोडून ठेवावी आणि मग मध्यम वेगावरून थांबवून पाहावे: ड्राइव्ह ट्रिप होईल, टोपली मोकळी फिरेल, आणि तेव्हाही कुलूप तसेच धरून राहिले पाहिजे. यांपैकी एकही चाचणी चुकली, तर यंत्र कामगाराच्या हाती देऊ नये.

नवे पट्टे पहिल्या आठवड्यात ताणतात, तेव्हा आठ दिवसांनी त्यांचा ताण आणि पॅनलमधले सगळे स्क्रू पुन्हा आवळावेत. झाकणाच्या कुलपाची चाचणी दर सोमवारी सकाळी, पहिल्या घाणीच्या आधी करावी; टोपलीची डाय पेनिट्रंट तपासणी वर्षातून एकदा, आणि ब्लीच रोज वापरात असेल तर दर सहा महिन्यांनी. पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला कमाल वेग, पुल्यांचे व्यास, रेझिस्टरचा आकडा आणि भरलेले सर्व पॅरामीटर मराठीत लिहून, प्लॅस्टिकच्या पाकिटात चिकटवावेत, म्हणजे पुढे ड्राइव्ह बदलायला येणारा तंत्रज्ञ अंदाजाने आकडे भरणार नाही.